धुराने सोडलेली जागा

१

पहिल्या पाळीचा भोंगा साडेतीनला व्हायचा आणि चारच्या ठोक्याला बबनराव सायकल कुंपणाला टेकवून घरात यायचे. हातपाय धुणं, चहा, आणि कप खाली ठेवला रे ठेवला की ते पांढऱ्या पानांचं खूळ. दिवाळीपासून हा नेम एक दिवस चुकला नव्हता. पंचवीस वर्षांच्या संसारात या माणसाने देवापुढे साधी उदबत्ती लावल्याचं शालनबाईंना आठवत नव्हतं. आणि आता रोज तासभर घरभर धूर!

याला कारण कंपनीचा डॉक्टर. बबनराव रंगखात्यात सुपरवायझर; रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरने त्यांना योगाच्या शिबिराला पाठवलं. तिथे पुण्याहून एक गोरी बाई शिकवायला यायची. सहा दिवसांत तिने सगळ्यांना सात चक्रं समजावली, आपल्या देशातल्या कुठल्याशा पांढऱ्या पानांची जुडी पेटवून खोली कशी शुद्ध करायची ते दाखवलं, आणि सातव्या दिवशी ती मायदेशी निघून गेली. जाताना जुड्यांनी भरलेलं एक खोकं बबनरावांच्या हवाली करून गेली. इतर पंधरा सुपरवायझर होते शिबिरात. खोकं मिळालं ते नेमकं यांना.

"घरालासुद्धा चक्रं असतात, शालन," बबनराव म्हणायचे. "स्वयंपाकघर म्हणजे मणिपूर."

"आणि मोरी?"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा कोण करतंय? घासावी मलाच लागते, म्हणून विचारलं."

चिंचवडच्या वसाहतीतलं ते तळमजल्याचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढची, मग स्वयंपाकघर, मग मागची. बबनराव पुढच्या दारापासून सुरुवात करत, कोपरान् कोपरा धुरवत आत आत जात आणि मागच्या खोलीत जाऊन डोळे मिटून बसत. वास करपलेल्या कापरासारखा. वाळत घातलेल्या लुगड्यांना तो वास, भातालाही तोच. शेजारच्या इंदुताईंच्या सासूबाईंना दमा. दोनदा इंदुताई सांगायला आल्या, तिसऱ्यांदा आल्या तेव्हा शालनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एवढंच करायचं असेल तर दारं-खिडक्या लावून करा," त्या कडाडल्या. "वसाहतीत शोभा नको आपली."

बबनरावांनी या बाबतीत मात्र बायकोचं ऐकलं. त्या दिवसापासून घराची सगळी दारं, खिडक्या, अगदी मोरीचा झरोकासुद्धा लावून ते धूर करू लागले.

२

फेब्रुवारीत शालनबाईंनी मागची खोली रंगवायला काढली. त्यांची सुमन बाळंतपणाला यायची होती. सासर देहूरोडला, जावई तिथल्या कारखान्यात. एवढं जवळ असताना आधीपासून माहेरी जाऊन करायचं काय, असं विहीणबाईंनी ठरवून टाकलं होतं, तेव्हा सुमन दवाखान्यातून थेट इकडे येणार होती. सुमनचं पहिलं सातव्या महिन्यातच गेलं होतं. त्या वेळी पोर तीन महिने कुणाशी धड बोलली नव्हती. या खेपेला काही कमी पडू द्यायचं नाही, असं शालनबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. सुमन आणि तिचं बाळ या खोलीत सव्वा महिना सुखाने राहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

भिंतींकडे बघून त्यांचा जीव वैतागला. चार महिन्यांच्या धुराने चुना पिवळट करडा पडला होता. फडकं फिरवलं की बोटांना चिकट लागत होतं. नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत त्यांनी चुना कालवला आणि दारापासून हात मारत निघाल्या. लोखंडी कपाटाजवळच्या कोपऱ्यात पोहोचल्या तेव्हा त्यांना बरं वाटलं. तिथे भिंत स्वच्छ होती.

चला, एवढं तरी वाचलं, असं म्हणून त्या कुंचला खाली ठेवणार, तोच थांबल्या.

सगळा कोपरा स्वच्छ नव्हता. कपाटाच्या कडेपासून हातभर रुंदीचा एक पट्टाच तेवढा पांढरा होता. जमिनीपासून वर जात होता, त्यांच्या डोक्याच्याही वर वीतभर. वरच्या टोकाला तो अरुंद होत होता, पुन्हा थोडा फुगत होता आणि संपत होता. कडा अशा साफ, जणू काही तिथे बरेच दिवस काहीतरी उभं करून ठेवलं होतं आणि मग उचललं.

पण तिथे कधी काही ठेवलेलंच नव्हतं. पाट नाही, गादीची गुंडाळी नाही. शालनबाईंनी दोनदा आठवून पाहिलं. मग त्यांनी तिथेही चुन्याचा हात मारला, गरज नसताना, चांगला जाड.

३

दुसऱ्या दिवशी चार वाजता बबनराव धूर करत मागच्या खोलीत आले तेव्हा शालनबाई डाळ निवडायचं ताट घेऊन मुद्दाम तिथेच बसल्या होत्या. बबनरावांना आनंद झाला. बायकोला अखेर गोडी लागली, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी जुडी मातीच्या पणतीत ठेवली, पद्मासन घातलं, डोळे मिटले.

धूर सावकाश पसरला. छताला लागला, खाली उतरला, कपाटाच्या पाठीमागे शिरला, खाटेखाली गेला. कोपऱ्यात मात्र एका जागी तो येऊन थांबत होता आणि वळसा घालून पुढे जात होता. मधली जागा लखलखीत मोकळी. पलीकडचा ताजा चुना स्पष्ट दिसत होता.

वारा, शालनबाई मनात म्हणाल्या. खिडकीच्या फटीतून वारा येत असणार. त्या उठल्या, काडी पेटवली आणि हात लांब करून त्या मोकळ्या जागेत धरली. ज्योत सरळ उभी राहिली. जराही हलली नाही. त्यांच्या बोटांना मात्र गारठा लागला, माठाच्या बुडाला हात लावल्यासारखा. काडी बोटाला चटका देऊन विझली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

"अहो, डोळे उघडा," त्या म्हणाल्या.

"आज्ञाचक्रावर आहे मी," बबनराव डोळे मिटूनच पुटपुटले.

ते डोळे उघडेपर्यंत धूर निवळला होता आणि कोपऱ्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. शालनबाईंनी भिंतीपासून तिथपर्यंतच्या फरश्या मोजल्या. एक. मोकळी जागा पहिल्या फरशीवर होती.

पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या फरशीवर आली.

४

"म्हणजे तिथली ऊर्जा शुद्ध झाली," बबनराव म्हणाले. "धुराला तिथे काम उरलं नाही. उत्तम लक्षण आहे."

"उत्तम? ती जागा सरकते आहे. आता तिसऱ्या फरशीवर आहे. चौथीवर खाट येते. सुमनची खाट."

"तू फरश्या मोजत बसतेस म्हणून तुला असं दिसतं. माझ्यासारखे डोळे मिटून बस."

या माणसापुढे डोकं फोडून घ्यावं, असं शालनबाईंना वाटलं. चार महिने रोज त्या खोलीत तासभर बसतो आणि एकदाही डोळे उघडून बघत नाही! जगात इतकी माणसं योग करतात, कुणाच्या घरात असलं काही होत नाही. आपलाच नवरा असा कसा, की धूर करायला गेला आणि धुराने जागा सोडावी?

त्या रागातच त्यांनी दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पानांचं खोकं उचललं आणि इंदुताईंच्या माळ्यावर नेऊन टाकलं. चारला बबनराव आले, सगळं घर पालथं घातलं, रुसून पेपर वाचत बसले. त्या दिवशी धूर झाला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. घरात पुन्हा भाताचा वास भाताला यायला लागला. शालनबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि मागच्या खोलीत सुमनच्या गोधड्या ठेवायला गेल्या.

उंबऱ्यातच त्यांचा पाय अडला.

खोली रिकामी दिसत होती. भिंती पांढऱ्या, खाट, कपाट, दुपारचं ऊन. कुठेच काही नव्हतं. ती जागा आता कुठे आहे, हेच कळत नव्हतं. तिसऱ्या फरशीवर असेल, चौथीवर असेल, किंवा दाराशी, त्यांच्या अगदी समोर, वीतभर अंतरावर असेल. गोधड्या छातीशी धरून त्या किती वेळ उभ्या राहिल्या कोण जाणे. मग त्यांनी हळूच एक हात पुढे केला, आणि गार लागायच्या आतच मागे ओढला.

संध्याकाळी त्या स्वतः जाऊन खोकं परत घेऊन आल्या. बबनरावांनी विजयी चेहऱ्याने जुडी पेटवली. जागा चौथ्या फरशीवर होती, खाटेला लागून. वरचा फुगीर भाग या खेपेला पुढे झुकलेला होता. कुणी वाकून खाटेवर बघावं, तसा.

शालनबाईंना रडू आलं. भीतीचं होतं ते, पण त्यात संतापही होताच.

५

सुमनला मुलगा झाला. दोघंही सुखरूप. सहाव्या दिवशी, गुरुवारी, घरी सोडणार होते.

मंगळवारी शालनबाई डिंक आणि खारीक आणायला बाजारात गेल्या. मसाल्याच्या दुकानात मीरासाहेब लोबान फिरवत होते. पिकल्या दाढीचे, हिरव्या फेट्याचे मीरासाहेब गेली कित्येक वर्षं बाजारातल्या दुकानांना धूर देत आले होते. हिंदू दुकान असो की मुसलमानाचं, ते आत जायचे, पार मागच्या पोत्यांपासून धुपाटणं फिरवत पुढे यायचे आणि पायरी उतरून पुढच्या दुकानाकडे वळायचे. शालनबाईंनी हे शंभरदा पाहिलं होतं. आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

"मीरासाहेब, तुम्ही मागून पुढे का येता?"

"मग काय पुढून मागं जाऊ?" म्हातारा हसला. "बाई, घर झाडताना केर कुठं नेता? दाराकडंच ना?"

"आणि दार लावून धूर केला तर?"

मीरासाहेबांचं हसू मावळलं. "कुणी केला?"

"आमच्या घरी. चार-पाच महिने झाले. दारापासून आत जातात."

म्हाताऱ्याने धुपाटणं खाली ठेवलं. "हाकलायचं आणि वाट द्यायची न्हाई, हे कुठलं शहाणपण? अशानं आत कोंडतं सगळं. एका जागी साठतं."

"काय साठतं?"

"ते मला इचारू नका." त्यांनी आपल्या झोळीतून मूठभर लोबान काढून कागदात बांधला. "एकदाच करा. मागच्या भिंतीपासून धरा, दार सताड उघडं ठेवा. आणि एक ध्यानात ठेवा बाई, उंबऱ्यात त्या येळी कुणी उभं नको. वाट मोकळी पायजे."

दारं लावून करा, असं आपणच म्हटलं होतं, हे शालनबाईंना घरी येईपर्यंत आठवत राहिलं. इंदुताईंच्या सासूबाईंचा दमा, वसाहतीतली शोभा, आणि आपला तो तिरसट स्वभाव.

६

गुरुवारी त्यांनी सगळं आखून ठेवलं. सुमन पाचला यायची होती. कंपनीची जीप पाचशिवाय मिळणार नाही, असं बबनरावांनी तीनदा सांगितलं होतं. इंदुताईंना भाकरतुकडा आणि तांब्याभर पाणी तयार ठेवायला सांगितलं. "मी आत कामात असेन. ती आली की एकदम आत घेऊ नका. दारातच थांबवा, दोघांवरून नीट ओवाळून टाका आणि मगच आत आणा." बाळबाळंतीण घरात येताना दृष्ट काढायची पद्धतच होती. एवढ्या घाईत ती राहायला नको, म्हणून शालनबाईंनी बजावून सांगितलं.

अडीच वाजता त्यांनी सगळी दारं, खिडक्या उघडल्या. घरभर उजेड आला. धुपाटण्यात निखारे घेतले, लोबान टाकला आणि मागच्या भिंतीला पाठ लावून सुरुवात केली.

धूर दाट होता, जुड्यांच्या धुरापेक्षा कितीतरी दाट. खाटेजवळ ती जागा दिसली. शालनबाईंचं तोंड चालू होतं. "चला. झाला तेवढा मुक्काम पुरे. माझ्या लेकीची खोली आहे ही. चला, निघा." मांजर हुसकावावं तसं त्या बोलत होत्या आणि धुपाटणं पुढे करत होत्या.

जागा हलली.

पहिल्यांदाच त्यांनी ती हलताना पाहिली. धूर फाटत होता आणि पाठीमागे पुन्हा मिळत होता. खाटेपासून दाराकडे, दारातून स्वयंपाकघरात. चुलीजवळ ती जरा थांबली. शालनबाईंनी आणखी लोबान टाकला. ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं, तरी त्या थांबल्या नाहीत. जागा पुढच्या खोलीत गेली. समोर उघडं दार, पलीकडे अंगण, ऊन. आता चार पावलं. त्यांच्या छातीवरचं ओझं हलकं होऊ लागलं.

आणि दारात सावली पडली.

"थांब हं सुमन, तिथेच थांब," इंदुताईंचा आवाज आला. "तुझ्या आईने बजावलंय, दारातच ओवाळायचं म्हणून."

उंबऱ्यात सुमन उभी होती. कानाला रुमाल, कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मागे बबनराव, चेहरा हसरा. "जीप लवकर मिळाली गं! म्हटलं तुला चकित करावं."

जन्मात कधी वेळेवर न आलेला माणूस दोन तास लवकर आला होता.

"बाजूला व्हा!" शालनबाई ओरडल्या. "सुमन, हट तिथून! दार सोड!"

"अगं किंचाळतेस काय? बाळ दचकेल," बबनराव म्हणाले.

सुमन गोंधळली. इंदुताईंचा हात भाकरतुकडा घेऊन तिच्या डोक्यावरून फिरत होता, तिला हलता येईना. धूर दाराकडे लोटला. त्यातली ती मोकळी जागा उंबऱ्याशी पोहोचली, सुमनच्या अगदी समोर. मग ती वाकली. खाटेवर वाकली होती तशी, कुशीवर.

क्षणभरच. मग धूर सगळ्यांच्या अंगावरून भसकन अंगणात गेला. सुमन खोकली, इंदुताईंच्या हातातला तांब्या पडला आणि बाळ रडायला लागलं.

शालनबाईंनी वळून पाहिलं. पुढची खोली, स्वयंपाकघर, मागची खोली, सगळीकडे धूर होता. कोपरान् कोपरा भरलेला. एकही जागा मोकळी नव्हती.

७

"गेलं असेल," त्या रात्रभर स्वतःला सांगत राहिल्या. "दारातून गेलं. धूर गेला तसंच तेही गेलं." सकाळी उठून त्यांनी सुमनला खीर दिली, बाळाचे पाय चेपले, हसल्यासुद्धा. पोर गोंडस होतं. जावळ दाट, सुमनसारखं.

आठ वाजता काळेवाडीहून सोजराबाई आली. गेल्या तीस वर्षांत वसाहतीतल्या आणि आसपासच्या किती बाळांना तिने न्हाऊ घातलं होतं, याची गणती नव्हती. पायांवर बाळ घेऊन तिने तेल चोळलं, कढत पाण्याने अंघोळ घातली, पुसून कोरडं केलं. मग शेगडी पुढे ओढून निखाऱ्यावर ओवा, वावडिंग आणि ऊद टाकला, आणि बाळाला दोन्ही हातांवर धरून धुरीवर आणलं.

"आता गं बया," ती म्हणाली.

"काय झालं?" सुमनने खाटेवरून विचारलं.

"काय न्हाई. धूर धरंना. शेगडीच वांड हाय तुमची." सोजराबाईने बाळ डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, खाली आणलं. "आमी आजवर शेकड्यानं पोरं धुरवली, पर असं न्हाई बघितलं. वारा हाय का कुठनं?"

"वारा असेल," शालनबाई म्हणाल्या.

वारा नव्हता. निखाऱ्यांवरून धूर सरळ वर येत होता, बाळापासून वीतभर खाली दुभंगत होता आणि वळसा घालून वर पुन्हा एक होत होता. मधे ते उघडं, गुलाबी अंग लखलखीत दिसत होतं. बाळ रडत नव्हतं. डोळे उघडे ठेवून शांत पडलं होतं.

"गुणाचा आहे माझा," सुमन हसून म्हणाली. खूप दिवसांनी ती अशी हसली होती. "त्याला धूर लागतच नाही, बघ ना आई."

शालनबाईंनी बाळ हातात घेतलं. जावळाला नाक लावलं. ओव्याचा, उदाचा, तेलाचासुद्धा वास नव्हता. गालाला गाल लावला. गाल माठाच्या बुडासारखा गार होता, कढत पाण्याने न्हाऊन आत्ताच निघालेल्या पोराचा.

"अंघोळ झाली का नातवाची?" बबनराव दारातून आत आले. त्यांच्या हातात नवी जुडी होती, टोकाला पेटवलेली. "म्हटलं, आज रजा आहे, तर त्यालाही एकदा शुद्ध करून घेऊ. दार लावू, की उघडं ठेवू? तूच सांग बाई, नाहीतर पुन्हा ओरडशील."

शालनबाईंनी बाळ घट्ट छातीशी धरलं. उठून त्या पुढच्या दाराशी गेल्या आणि त्यांनी कडीवर हात ठेवला. बाहेर अंगणात ऊन होतं, इंदुताई धुणं वाळत घालत होत्या, दुसऱ्या पाळीची मंडळी अजून घरातच होती. दार उघडं ठेवून धूर केला तर निघून कोण जाईल, आणि लावून केला तर आत कोण उरेल, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. मागून बबनराव दुसऱ्यांदा विचारत होते, तिसऱ्यांदा विचारत होते, आणि शालनबाईंचा हात कडीवरच होता.